फैलाव, सतरंजी आणि धारचे व्याही

देवास,
१५ जानेवारी २००२

तीर्थस्वरूप जयसिंगराव दाजी यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या माझी कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जितकी अंगं टेकतील तितक्यांचा नमस्कार धाकट्या मेहुण्याकडून गोड मानून घ्यावा. (कंबर कशानं धरली ते पत्रात योग्य जागी येईल.) कमलअक्काच्या गुडघ्यांना ओहायोची थंडी मानवत नाही हे वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, देवासला यंदा थंडी नावालाच आहे, माहेरी ये आणि टेकडीकडे तोंड करून उन्हात बस. तिळगूळ पाठवणार होतो, परंतु गेल्या वर्षीची पुडी वाटेत कुणीतरी फोडून, हुंगून, उन्हाळ्यात आमच्याकडेच परत पाठवली होती आणि ती आम्हालाच खावी लागली, म्हणून यंदा इथूनच गोड बोला म्हणतो. आपल्याला गोड बोलायची गरज यंदा खरोखर पडणार आहे, तेही पुढे येईलच.

आपण विचारलंय की आपला तो फैलाव, म्हणजे मैदानभर पसरून खेळायची अमेरिकन तऱ्हा, इकडे यशस्वी झाला का, आणि मेहुण्याचा स्वभाव माहीत असल्यामुळे बजावलंय की उत्तर एका शब्दात दे. एका शब्दात सांगायचं तर झाला. आमच्या कॉलेजनं धारच्या कॉलेजला, धारमध्ये जाऊन, फुटबॉलमध्ये हरवलं, आणि ही गोष्ट खेळाचा सर म्हणून माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडली. आता हेच जरा सविस्तर सांगायचं तर ज्या चेंडूनं आम्ही जिंकलो त्याच चेंडूपायी आपल्या भाच्याचं, म्हणजे आमच्या अभिषेकचं, धारला ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे. आपण दिवाळीला एकाच मुक्कामात दोन गोष्टी लावून गेलात. एक, आपले मावसभाऊ शिवाजीराव यांच्या मुलीचं, किमयाचं, स्थळ, आणि दुसरा हा फैलाव. दोन्ही आपापल्या जागी उत्तम होत्या. त्या एकाच मैदानावर, एकाच दिवशी, एकमेकींसमोर येतील हे आपल्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

फैलावाबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका होती हे आधी नोंदवतो. आपण कॅसेट लावलीत तेव्हा आपल्या अमेरिकन कॅसेटनं आमच्या व्हीसीआरवर चित्र पांढरं-काळं दाखवलं आणि वर तेही सारखं वरून खाली घसरत होतं. चेंडू कुणाकडे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. अभिषेकच्या आईनं (आपण अलकाला साधी समजता, पण तिचं निरीक्षण असतं) विचारलं की ही माणसं अंगावर उशा बांधून का धावतात, आणि चेंडू हातात घेऊन पळायचं तर त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं. आपण मात्र सुपारी कातरत शांतपणे समजावलंत. तिकडच्या कॉलेजांत पूर्वी सगळे मधोमध गोळा होऊन रेटारेटी करायचे, त्यामुळे ज्यांच्याकडे धिप्पाड पोरं, ते जिंकायचे. मग ज्या गरीब कॉलेजांना धिप्पाड पोरं मिळत नाहीत त्यांनी डोकं चालवलं. आपली माणसं मैदानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरून उभी केली. समोरच्यालाही मग पसरावं लागतं, तो पसरला की मध्ये जागा होते, आणि जागा झाली की किडकिडीत पोरालाही धावता येतं. तिकडेही यावर मोठा वाद चालू आहे, जुनी माणसं म्हणतात हे चार दिवसांचं खूळ आहे, असंही आपण म्हणालात. मी तेव्हा जुन्या माणसांच्या बाजूनं होतो. पण 'किडकिडीत' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. धारच्या कॉलेजात सरदारपूर आणि मनावरकडची शेतावर वाढलेली, मक्याच्या भाकरीवर पोसलेली पोरं येतात. आमच्याकडे कारखान्यातल्या बाबूंची मुलं, टिफिनमध्ये पोहे नेणारी. मध्ये रेटारेटी झाली की आमचे चष्मे सापडत नाहीत.

म्हणून नोव्हेंबरपासून मी मुलांना पसरवायला घेतलं. दाजी, हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडचा पोरगा एकटा उभा राहूच शकत नाही. मी चुना टाकून पट्टे आखले, प्रत्येकाला आपापला पट्टा दिला, आणि शिट्टी वाजली की दहाही जण प्रेमानं चेंडूभोवती जमायचे. डाव्या काठाला ठेवलेला पोरगा कचोरीच्या गाडीपाशी सापडायचा. (काठ आणि गाडी यांत अंतरच नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.) आमचा सेंटर फॉरवर्ड भेरूलाल, आगर बाजूच्या खेड्यातला, गोलासमोर एकटा उभा राहून इतका उदास झाला की मला म्हणाला, "सर, मैं कब से अकेला खड़ा हूँ, मेरे से कोई बात ही नी कर रिया." प्राचार्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मला बोलावून घेतलं, टीममध्ये भांडण झालं आहे का म्हणून. मी त्यांना अमेरिकेचा दाखला दिला. ते मराठी नसल्यामुळे मी पुढे हेही सांगितलं की देवास हे मुळात दोन पात्यांचं गाव आहे, थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात दोन संस्थानं चालवत होत्या, तेव्हा एका मैदानावर अंतर राखून नांदणं आमच्या रक्तात आहे. त्यांनी चहा पाजून मला परत पाठवलं.

फक्त आपल्या भाच्याला फैलाव पहिल्या दिवशी कळला. अभिषेकला मी उजवा काठ दिला आणि सांगितलं की चुन्याची रेघ सोडायची नाही. त्यानं सोडली नाही. एकदा मी त्याला जा म्हणायला विसरलो तर बाकीची मुलं घरी गेल्यावरही तो रेघेवर उभा होता. सांगितलेलं ऐकतो, हा त्याचा गुण मी शिवाजीरावांनाही सुपारी फोडताना चारदा ऐकवला होता, आणि ते म्हणाले होते की आजच्या काळात हे दुर्मीळ आहे. आता पश्चात्ताप होतो.

सामना धारला किल्ल्याखालच्या मैदानात होता. तिथे बसायला पायऱ्या नाहीत, जो तो रेघेला टेकून बसतो. आम्ही मेटॅडोरमधून उतरलो तर उजव्या रेघेवर, ऐन मध्यावर, सतरंज्या अंथरलेल्या, त्यावर लोड, लोडांना टेकून शिवाजीराव फेटा बांधून, शेजारी त्यांच्या मातोश्री आजीसाहेब, आणि मागे सगळं घराणं, थर्मास आणि मोसंब्यांसकट. सुपारीला ज्यांना येता आलं नव्हतं अशा सगळ्या नातेवाइकांना जावई दाखवायचे म्हणून त्यांनी फुटबॉलचा मुहूर्त साधला होता. अलकाला विहीणबाई म्हणून मानानं मधल्या लोडाशी बसवलं. किमया मागच्या रांगेत मुलींमध्ये होती. आता आपण इंजिनियर आहात, आपल्याला लगेच कळेल. फैलावाचं तत्त्व असं की आपला माणूस काठावर न्यायचा, कारण काठावर विरोधी नसतात. धारमध्ये काठावर नातेवाईक असतात, हे तत्त्वात नव्हतं.

आणि शिवाजीरावांच्या घरची रीत आपल्याला माहीत आहे. वडीलधारं दिसलं की तीनदा वाकायचं, तेही घाईनं नाही. अभिषेकनं मैदानात पाऊल टाकताच रेघेवर ओळीनं बसलेल्या सगळ्यांना तीन तीनदा नमस्कार केला. सगळे खूश झाले आणि मीही झालो, एकदाचं उरकलं म्हणून. पण धारचे लोक सामन्याला एकदम येत नाहीत, येत राहतात. खेळ सुरू झाला, भेरूलालनं उजवीकडे सुरेख पास दिला, आणि त्याच क्षणी सरदारपूरचे मामासाहेब सतरंजीवर येऊन टेकले. अभिषेक वाकला. चेंडू त्याच्या वाकलेल्या पाठीमागून रेघेबाहेर गेला. पुढच्या पासला मनावरच्या आत्यासाहेब आल्या. त्याच्या पुढच्या पासला कुणी नवं आलं नव्हतं, पण आजीसाहेबांना वाटलं की आपण मघाशी आशीर्वाद घाईत दिला, म्हणून त्यांनी त्याला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. त्या जुन्या वळणाचं मराठी बोलतात, आयुष्य, संतती, गोधन सगळं येतं त्यात. गोधनापर्यंत पोचल्या तेव्हा धारनं गोल केला होता.

गंमत अशी की आपला फैलाव त्याही वेळी चालत होता. अभिषेकला अडवायला धारनं जो बॅक ठेवला होता तो मयुरेश, किमयाचा सख्खा भाऊ. होणाऱ्या जिजाजींच्या पायात पाय घालायचा कसा, म्हणून तो दोन पावलं लांब, हात मागे बांधून उभा. त्यांचे सर या बाजूनं ओरडत होते, "अरे जीजाजी को पकड़, भिया, बारात थोड़ी आई है." मयुरेश पकडत नव्हता आणि जिजाजी पळत नव्हते. दोघांमध्ये चेंडू पडला तर आधी आपण, नाही आधी आपण, असं चाललं होतं. एकदा खरोखर दोघांनी एकमेकांसाठी चेंडू सोडला आणि रेफरीनं येऊन तो उचलला. अमेरिकेत असा प्रसंग कुठल्या कॉलेजवर आला असेल तर कळवावं.

हाफटाइम झाला आणि बाजू बदलल्या. आता उजवा काठ म्हणजे मैदानाची समोरची रेघ, म्हणजे नातेवाइकांपासून सुटका, असं मी मनात म्हणतोय तोवर सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. शिवाजीरावांचा हिशेब सरळ होता. जावई पलीकडे चालले, तर आपणही पलीकडे. सगळं घराणं थर्मास घेऊन मैदान ओलांडायला लागलं. आजीसाहेब चालत निघाल्यावर मुलाकडच्या माणसानं नुसतं बघत राहणं बरं दिसेना, म्हणून त्या नको नको म्हणत असतानाही मी त्यांचा लोड उचलला. कापसाचा लोड इतका जड असतो याची आपल्याला कल्पना नसेल. तिथे कंबर गेली. तर काखेत लोड, कमरेत कळ, अंगावर एक गोल, अशा अवस्थेत मी मैदानाच्या मधोमध अभिषेकला गाठलं आणि माझा तोल सुटला. मी म्हणालो की यापुढे त्या रेघेवर तुझं कुणी नाही. आजी नाही, मामा नाही, मी मेलो तरी वाकायचं नाही, फक्त चेंडू बघायचा. तो मान हलवत होता. मला वाटलं, ऐकतोय.

दुसऱ्या हाफमध्ये दाजी, मी जे पाहिलं ते आपल्या त्या घसरत्या कॅसेटमध्येही नव्हतं. पोरगं रेघेवरून असं सुटलं की मयुरेश बघतच राहिला. मनावरच्या आत्यासाहेबांनी तिळाचा लाडू पुढे केला, तो हवेतच राहिला. सरदारपूरचे मामासाहेब "जावईबापू" म्हणेपर्यंत जावईबापू कोपऱ्यावर पोचलेले. त्याला आवरायला धारनं मधला एक माणूस काठाकडे पाठवला, मग आणखी एक, आणि आपण सुपारी कातरत सांगितलं होतं तेच झालं. मध्ये जागा झाली. त्या जागेत भेरूलाल एकटा, नोव्हेंबरपासून एकटं उभं राहायचा सराव असलेला. अभिषेकनं चेंडू वरून टाकला, भेरूलालनं डोकं लावलं. बरोबरी. मला फैलाव पटला. त्या घटकेला आपण समोर असता तर मी कमरेसकट आपले पाय धरले असते.

आता तो चेंडू. सामना संपायला आलेला, मयुरेशनं चेंडू रेघेबाहेर मारला आणि तो थेट शिवाजीरावांच्या मांडीवर येऊन बसला. थ्रो-इन आमचा. कुठल्याही सासऱ्यानं चेंडू फेकून दिला असता, पण शिवाजीराव उठून उभे राहिले. फेटा सारखा केला. चेंडू दोन्ही हातांवर, आपण नारळ देतो तसा, धरला. सगळं घराणं बघत होतं, आणि अशा वेळी दोन शब्द बोलायची त्यांना सवय आहे. "जावईबापू, आज आमच्या घराण्याच्या वतीनं..." एवढं झालं आणि अभिषेकनं चेंडू ओढला. शिवाजीरावांनी सोडला नाही. (अपमान म्हणून नव्हे, वाक्य पुरं व्हायचं होतं म्हणून.) अभिषेकनं आणखी जोरात ओढला. चेंडू सुटला, शिवाजीराव लोडावर बसले, फेटा आत्यासाहेबांच्या मांडीवर, आणि अभिषेकनं रेघेवरून फेकलेला चेंडू भेरूलालच्या पायात. गोल. शिट्टी. आम्ही जिंकलो.

आमची मुलं नाचत होती आणि सतरंजीवर आत्यासाहेब मांडीवरचा फेटा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मग आजीसाहेबांचा आवाज आला, तो मला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू आला. म्हणाल्या, "लग्नाआधीच सासऱ्याच्या हातून हिसकावून घेतात. लग्न झाल्यावर आमच्या पाटल्या राहतील का?"  हुंडा नको, मानपान नको, मुलगी आणि नारळ द्या असं मी सुपारीत म्हणालो होतो, आणि आता अख्ख्या धारनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं की देवासकरांच्या मुलानं चार माणसांत सासऱ्याच्या हातची वस्तू दोनदा ओढून घेतली.

संध्याकाळचा चहा शिवाजीरावांकडे आधीच ठरलेला होता, आणि ते ठरलेलं मोडणारे नव्हेत. टीमला अंगणात बाकांवर काचेच्या ग्लासांत चहा, आणि जावयांसाठी आत चांदीचा पेला, असा बेत असणार, कारण आतल्या चौरंगावर पेला घासूनपुसून ठेवलेला मी बघितला. मग तो कुणीतरी उचलून कपाटात ठेवला. अभिषेकला भेरूलालशेजारी बाकावर ग्लास मिळाला. तो बिचारा खुशाल प्यायला. अलकानं मात्र आपला चहा तसाच बाजूला ठेवला. निघताना शिवाजीराव दारापर्यंत आले आणि आपण मोठी माणसं आहात, येत जा, एवढंच म्हणाले. आपल्या मावसभावाचं हे वाक्य आपण ओळखताच. आठवड्यात तारीख ठरवायला गुरुजींसह यायचे होते, तर निरोप आला की गुरुजींना सध्या सवड नाही. धारमध्ये ज्या गुरुजींना इतकी सवड आहे की ते रोज दुपारी बसस्टँडवर गप्पा मारत उभे असतात, त्यांना.

मी स्वतः जाऊन आलो. ताम्हनात अख्ख्या सुपाऱ्या मांडून शिवाजीरावांना सगळी स्थिती समजावली, हा मयुरेश, हा भेरूलाल, थ्रो-इनला ऑफसाइड नसतो म्हणून वेळ घालवून चालत नाही. त्यांनी अतिशय आदरानं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी एक सुपारी उचलून विचारलं की हिसकावण्याचा नियम यात कुठे बसतो. मी म्हणालो नियमात तसं नाही. मग त्यांनी सुपारी परत ठेवली आणि जेवून जायचा आग्रह केला. मी जेवलो नाही.

घरी अलका माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते भिंतीवरच्या गणपतीला सांगते, आणि मी ते ऐकतो. अभिषेक जेवणात मन घालत नाही. किमया त्याला आवडली आहे, हे त्यानं मला सांगितलं नाही, पण सुपारी झाल्यापासून तो आरशासमोर जास्त वेळ उभा राहायचा, आता तिकडे फिरकत नाही. मला फार वाईट वाटतं, दाजी. पोराची चूक काय? बापानं सांगितलं की रेघेवर तुझं कुणी नाही, आणि ते त्यानं ऐकलं. तेव्हा आपल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की फैलाव यशस्वी होईल, जरूर होईल, परंतु जिथे मैदान आणि नातेवाईक यांच्यात एखादी भिंत आहे अशाच देशात. मोकळी जागा नुसती पसरून मिळत नाही, ती आधी कुणीतरी रिकामी ठेवलेली असावी लागते, आणि माळव्यात कुणी ठेवत नाही. हे आपल्या तिकडच्या पंडितांना कळवायला हरकत नाही.

अक्काला नमस्कार. बर्फात जपून चालावं.

आपला आज्ञाधारक (यापुढे जरा कमी),
माधव

ता. क. आपण चाणाक्ष आहात, एवढं लांब पत्र केवळ फुटबॉलसाठी नसणार हे आपल्याला दुसऱ्या पानावरच कळलं असेल. विनंती अशी की पत्र मिळताच शिवाजीरावांना फोन करावा. ते जगात कुणाचं ऐकत असतील तर आपलं. त्यांना सांगा की मुलाच्या मनात तसं काही नव्हतं, बापाचा कडक हुकूम होता, आणि बापाच्या डोक्यात ते खूळ आपण घातलं होतं. म्हणजे दोष आपल्यावर घ्यावा. आपण ओहायोत आहात, आपल्यावर रागावून त्यांना काही करता येण्यासारखं नाही, आणि चांदीचा पेला तिकडे आपल्याला कुणी देत नाही. कृपा करून फोनवर फैलाव समजावत बसू नये.

ता. क. दुसरा. वरचं सगळं अलकानं वाचलं. तिनं गणपतीला सांगितलं की लोड उचलायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी 'तोल सुटला' असं लिहिलंय ते कमी आहे. मी मैदानात जे शब्द वापरले ते अर्ध्या धारनं ऐकले म्हणे. ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच आज सकाळी फोन वाजला. एसटीडी बूथवरून किमया. अभिषेक घरी नव्हता, मी उचलला. ती घाबरली असेल असं मला वाटलं, पण आवाजावरून तसं काही दिसलं नाही. त्यांचं मराठी आपल्याला माहीतच आहे, निम्मं हिंदी. म्हणाली, "काका, आप टेंशन मत लो, घरच्यांना मी बघते. आजीला पण मनवलं. मी तर हाफटाइमला मम्मीला सांगून टाकलं होतं की मला हा मुलगा नको. समोर बॉल आहे आणि हे पाया पडत आहेत. उद्या माझ्यासाठी कधी कुणाला नाही म्हणतील का? मग जाता जाता सेकंड हाफ बघितला." एवढं बोलून ती हसली. पुढे म्हणाली, त्यांना सांगा, असेच राहा. पपांना मी सांगितलंय की ज्यानं तुमच्या हातून बॉल घेतला तो माझ्यासाठीही घेईल, आणि पपा काल रात्रभर त्यावर विचार करून गुरुजींकडे गेलेत.

तर दाजी, मी वर जी विनंती केली ती पूर्ण रद्द. शिवाजीरावांना फोन मुळीच करू नये. पोरानं ते बापाच्या हुकमानं केलं हे त्या मुलीच्या कानावर गेलं तर सगळं संपलं. तिला वाटतं तो स्वतःच्या मनानं धावला, आणि तसंच वाटू द्या. पत्र फाडून नवं लिहावं असं मनात आलं, पण एवढं लिहिलेलं फाडवत नाही. आपण वाचून जाळावं. बर्फात जळत नसेल तर अक्काला द्यावं, ती ठेवते नीट.

ता. क. चौथा आणि शेवटचा. अभिषेक आला तेव्हा मी त्याला बसवून बजावलं, की हे बघ, मैदानात मी तुला काय सांगितलं होतं ते किमयाला जन्मात सांगायचं नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही काय सांगितलं होतं?" मी म्हणालो, अरे हाफटाइमला, मधोमध, लोड घेऊन. तेव्हा तो लाजला आणि म्हणाला की हाफटाइमला तुम्ही काहीतरी बोलत होता खरं, पण माझं लक्ष नव्हतं. सगळे सतरंज्या घेऊन पलीकडे येत होते आणि ती एकटी चपला घालून घरी निघाली होती, तिनं थांबावं एवढंच डोक्यात होतं.

म्हणजे यात माझं काही नाही, दाजी, आणि आपलंही काही नाही. लग्नाला या.